आईचे घर, लेकाचे घर

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आपल्याकडे घरोघरी एक काम निघते. पावसाळ्याने भिंतींवर उमटवलेले हिरवे-काळे डाग खरवडायचे, कौलांत अडकलेला पाचोळा काढायचा, वळचणीच्या फटीत डोके वर काढलेले पिंपळाचे रोप मुळासकट उपटायचे आणि मग भिंतींना पांढरा चुना काढायचा. हे काम इतके नेहमीचे आहे की त्याची कोणी बखर लिहीत नाही. देऊळ बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात येते. त्या देवळाला दरवर्षी चुना देणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक असते? परंतु या साध्या कामाची खरी किंमत ज्याला पाहायची असेल, त्याने जुन्या गोव्याच्या एका टेकडीवर जावे. तेथे दोन ख्रिस्ती मठ समोरासमोर बांधले गेले. दगड तोच, चुना तोच, पाऊस तोच. त्यांपैकी एक आज तिन्ही मजल्यांनिशी उभा आहे. दुसऱ्याचा एक अर्धा मनोरा तेवढा उरला आहे.

पवित्र टेकडी

पणजीहून मांडवीच्या काठाकाठाने नऊ-दहा किलोमीटर गेले की जुने गोवे येते. प्रवाशांची झुंबड असते ती खालच्या सपाटीवर. एका बाजूला सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव जेथे ठेवले आहे ते बॉम जेझूस, दुसऱ्या बाजूला प्रचंड से कॅथेड्रल. ही दोन पाहून झाली की बहुतेक मंडळी मोटारीत बसून परततात. बॉम जेझूसच्या पश्चिमेला जो चढाचा रस्ता जातो, तिकडे फारसे कोणी वळत नाही. हीच ‘मोंते सांतो’, म्हणजे पवित्र टेकडी.

टेकडीच्या पश्चिम टोकाला रोझरी मातेचे चर्च आहे. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतले, तेव्हा याच उंचवट्यावरून त्याने लढाई पाहिली असे सांगतात. चर्चच्या अंगणातून खाली मांडवीचे पात्र आणि पलीकडे हिरवेगार दिवाडी बेट दिसते. त्या बेटावर कदंब राजांच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. ते पोर्तुगीजांनी पाडले. भाविकांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि तेथे १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. टेकडीवरच्या वैभवाकडे पाहताना हे पलीकडचे बेट नजरेआड करू नये. येथले मठ श्रद्धेने बांधले गेले हे खरे, पण ते एका जेत्या सत्तेच्या छायेत बांधले गेले हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून दिसतात.

बारा साधू

१५७२ साली संत ऑगस्टिनच्या पंथाचे बारा साधू लिस्बनहून गोव्यात उतरले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट त्यांच्या आधीच येऊन पोहोचले होते आणि शहरातल्या मोक्याच्या जागा त्यांनी धरल्या होत्या. ऑगस्टिनी साधूंनी टेकडी निवडली. लिस्बनमधला त्यांचा मूळ मठही ग्रासा नावाच्या टेकडीवरच आहे. खालचे शहर दमट आणि दाटीवाटीचे होते. टेकडीवर वारा होता, आणि नदीतून येणाऱ्या प्रत्येक गलबताला दुरूनच दिसेल अशी जागा होती.

१५९७ ते १६०२ या काळात त्यांनी येथे कृपामातेचे, म्हणजे ‘नोस्सा सेन्योरा द ग्रासा’चे, भव्य चर्च बांधले. लोक त्याला संत ऑगस्टिनचे चर्च म्हणूनच ओळखू लागले. दर्शनी भागाला दोन्ही अंगांना मनोरे होते. आज उभा आहे त्या मनोऱ्याची उंची ४६ मीटर, म्हणजे सुमारे दीडशे फूट आहे. आत दोहो बाजूंस मिळून आठ उपमंदिरे आणि चार वेद्या होत्या. मागे साधूंच्या खोल्या, मधले मोकळे चौक, सभेचे दालन, ग्रंथालय असा मठाचा पसारा होता. भिंतींच्या खालच्या भागावर निळ्या-पिवळ्या नक्षीच्या चिनीमातीच्या फरश्या बसवल्या होत्या. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘आझुलेझु’ म्हणतात. त्यांतल्या काही आजही भग्न भिंतींना चिकटून आहेत.

वास्तुशास्त्रात रस असलेल्या वाचकाने एका गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावे, ती म्हणजे चर्चचे छप्पर. आपल्या देवळांत मंडपाचे ओझे खांबांवर पेललेले असते. येथे मुख्य दालनावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दगडी कमान लांबच लांब पसरली होती. एखादे पिंप उभे चिरून त्याचा अर्धा भाग पालथा घालावा, तसा हिचा आकार. अशी कमान नुसती खाली दाबत नाही, ती दोन्ही भिंतींना बाहेरही रेटते. म्हणून भिंती जाड हव्यात, बाजूची उपमंदिरे त्यांना टेकू देणारी हवीत, आणि वरून पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये.

या कमानीविषयी गोव्यात एक आख्यायिका आहे. बांधताना ती दोनदा कोसळली. तिसऱ्यांदा पुरी झाली तेव्हा तिचा इटालियन कारागीर आपल्या एकुलत्या एका मुलाला घेऊन बरोबर तिच्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, आता तोफ डागा. तोफ धडाडली, कमान हलली नाही. खरेखोटे देव जाणे! पण ही गोष्ट मनात ठेवावी, कारण पुढे काय झाले ते पाहताना तिची आठवण होणार आहे.

समोरचे घर

रस्त्याच्या पलीकडे दुसरा मठ आहे, तो संत मोनिकेचा. मोनिका ही संत ऑगस्टिनची आई. इसवी सनाच्या चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत राहणारी ही बाई आपला बुद्धिमान पण भरकटलेला मुलगा सन्मार्गाला लागावा म्हणून वर्षानुवर्षे रडत प्रार्थना करीत राहिली, अशी ख्रिस्ती जगात तिची ख्याती आहे. मुलाच्या नावाचा मठ टेकडीवर झाला, तेव्हा आईच्या नावाचा त्याच्यासमोर व्हावा हे ओघानेच आले. गोव्याचे आर्चबिशप आलेशू द मेनेझिस हे स्वतः ऑगस्टिनी साधू. त्यांच्या पुढाकाराने १६०६ साली या जोगिणींच्या मठाचा पाया घातला गेला आणि १६२७ साली तो पुरा झाला. १६३६ साली त्याला आग लागली, दुसऱ्याच वर्षी तो पुन्हा बांधून काढण्यात आला.

इमारत तीन मजली, चौकोनी, मध्ये मोठा चौक आणि चौकाभोवती ओवऱ्या. आपल्याकडच्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. फरक एवढाच की वाड्याला बाहेरच्या माणसाचे स्वागत करायचे असते आणि या घराला त्याला बाहेर ठेवायचे होते. बाहेरच्या भिंती किल्ल्यासारख्या, त्यांना जागोजाग दगडी टेकू दिलेले. सगळी शोभा आत. भिंतींवर आणि छतांवर वेलबुट्टी आणि बायबलमधील प्रसंग रंगवलेले आहेत. येथे येणाऱ्या मुली बहुतेक पोर्तुगीज घराण्यांतल्या. एकदा आत गेल्या की पुन्हा जगाचे दर्शन नाही. गोव्याचे ते थराथरांचे, जिभेवर विरघळणारे ‘बिबिंक’ पहिल्यांदा याच मठातल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने केले अशी कथा सांगतात. फराळाच्या दिवसांत ही कथा खरीच मानावी, असे मला वाटते!

एका कायद्याने

टेकडीखालचे शहर मात्र हळूहळू मरत होते. पटकी आणि हिवतापाच्या साथींनी ते पोखरले. तिथली जमीन जांभ्याची, म्हणजे सच्छिद्र. सांडपाणी झिरपून विहिरींत उतरे आणि तेच लोक पीत. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला. व्यापारी आधीच पांगले होते. शेवटी चर्चे उरली आणि त्यांच्याभोवती माड वाढले.

तरीही साधू होते तोवर टेकडीवरचे मठ शाबूत होते. घाव बसला तो लिस्बनहून. पोर्तुगालमध्ये दोन राजबंधूंचे यादवी युद्ध झाले. धर्मपंथांनी हरलेल्या बाजूचा कैवार घेतला होता, आणि जिंकलेल्यांची तिजोरी रिकामी होती. मे १८३४ मध्ये जोआकीम आंतोनियो द आगियार या मंत्र्याने पुरुषांचे सर्व मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. लोकांनी त्याला ‘साधूमारू’ असे टोपणनाव दिले. १८३५ साली त्या हुकुमाची गोव्यात अंमलबजावणी झाली आणि ऑगस्टिनी साधूंना आपली टेकडी सोडावी लागली.

आता गंमत पाहा. जोगिणींना त्या कायद्याने घराबाहेर काढले नाही. त्यांच्यापुरता नियम असा की नवी मुलगी दाखल करून घ्यायची नाही, पण ज्या आहेत त्यांनी मरेपर्यंत राहावे. शेवटची जोगीण गेली की मठ बंद. म्हणजे एकाच टेकडीवर लेकाचे घर एका दिवसात रिकामे झाले आणि आईच्या घरात म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका मागे राहिल्या. त्या एकेक करून कमी होत गेल्या. शेवटची १८८५ साली वारली, म्हणजे समोरचे घर ओस पडल्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी.

आणि समोरचे घर? साधू गेल्यावर सातच वर्षांनी, १८४२ साली, ज्या कमानीने म्हणे तोफेला दाद दिली नव्हती, ती कोसळली. शत्रू आला नाही, भूकंप झाला नाही. सात पावसाळे झाले, एवढेच. पुढे १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला. उरलेला अर्धा मनोरा आज आपण पाहतो. मूळच्या मजल्यांपैकी बरेचसे गेले आहेत, आणि उघड्या पडलेल्या तांबड्या दगडांतून आकाश दिसते.

जांभ्याचे गणित

सात वर्षांत एवढी प्रचंड वास्तू कशी पडली, हे कोडे मला टेकडीवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने उलगडून दाखवले. गृहस्थ मूळचे सावंतवाडीकडचे, जुन्या इमारतींच्या चुन्याच्या कामात आयुष्य घालवलेले. मी विचारले, “काका, एवढा जाड दगड सात पावसांत हरला?”

ते हसले. म्हणाले, “तुम्ही त्याला दगड म्हणता. जांभा हा खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येतो इतका मऊ असतो. वारा लागला की घट्ट होतो. पण त्याच्या अंगभर भोके. पाणी पितो तो. म्हणून त्याला चुन्याचा अंगरखा लागतो. अंगरखा फाटला की शिवायचा, दरसाल. नाही शिवला तर पाणी आत, पाण्यामागून माती, मातीमागून पिंपळ. पिंपळाचे मूळ एकदा सांध्यात शिरले की तुमची तोफ काय करील ते काम ते करते, आणि आवाज न करता करते.”

पुढे त्यांनी मला चुन्याचे शास्त्र समजावले. कोकणात आणि गोव्यात पूर्वी शिंपले भाजून कळीचा चुना करीत. तो पाण्यात विरवायचा, कित्येक दिवस मुरू द्यायचा, मग रेती घालून घाणीत मळायचा. अशा चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. आतली ओल बाहेर पडते, बाहेरचा पाऊस आत येत नाही. सिमेंटचा गिलावा मात्र ओल आतच कोंडतो, आणि भिंत आतून कुजते. “लोकांना वाटते सिमेंट पक्के,” काका म्हणाले, “पक्के आहे म्हणूनच वाईट.”

हे गणित नुसते ऐकीव नाही, याचा पुरावा टेकडीच्या पायथ्याशीच आहे. बॉम जेझूसच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा १९५० नंतरच्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने मुद्दाम काढून टाकला. उघड्या तांबड्या दगडात प्राचीनतेचा देखणेपणा अधिक खुलतो, अशी त्यामागची समजूत. आज छायाचित्रांत दिसते ते चर्च त्या उघड्या अंगाचे आहे. पण तेव्हापासून पाऊस थेट जांभ्यावर पडतो आहे आणि दगड झिजतो आहे. त्याला पुन्हा चुन्याचा गिलावा द्यावा असे आता जाणकार म्हणू लागले आहेत.

राणीचा हरवलेला पत्ता

वास्तू पडते तेव्हा नुसत्या भिंती पडत नाहीत, तिच्यात ठेवलेली आठवणही गाडली जाते. त्याची एक विलक्षण कथा याच मठाची आहे.

काकेशस पर्वताच्या कुशीत जॉर्जिया देश आहे. तेथल्या काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने ओलीस धरून दहाएक वर्षे शिराझला ठेवले. ख्रिस्ती धर्म सोडण्यास तिने नकार दिला, तेव्हा सप्टेंबर १६२४ मध्ये तिचा तापलेल्या लोखंडाने छळ करून वध करण्यात आला. इराणात तेव्हा ऑगस्टिनी साधूंचे ठाणे होते, आणि ते गोव्याच्या याच टेकडीवरून चालवले जाई. साधूंनी राणीचे अवशेष गुप्तपणे हस्तगत केले. काही भाग तिच्या मुलाकडे जॉर्जियात पोहोचवला, आणि काही अस्थी १६२७ च्या सुमारास गोव्याला आणून मठात एका दगडी पेटीत ठेवल्या.

पोर्तुगीज कागदपत्रांत त्या पेटीचा पत्ता लिहिलेला होता: सभेच्या दालनात, दुसऱ्या खिडकीपाशी. आपली ही राणी जॉर्जियन लोकांना संत म्हणून वंदनीय. त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस शोध सुरू केला. पण पत्ता खिडकीचा, आणि खिडकी ज्या भिंतीत होती ती भिंतच ढिगाऱ्याखाली! दुसरी खिडकी मोजणार कुठून? १९८९ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन चालू केले. आधी मठाचा आराखडा जमिनीतून वर काढायचा, मग दालन ओळखायचे, मग खिडकी. २००४ साली तेथे हाताचे एक मोडके हाड मिळाले. हैदराबादच्या पेशी आणि रेणू जीवशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याची आनुवंशिक तपासणी केली. आईकडून मुलांत उतरणारा जो अंश असतो, त्याचा या हाडात सापडलेला प्रकार भारतीय लोकांत आढळत नाही आणि जॉर्जियात आढळतो, असे निघाले. हे हाड बहुधा राणी केतेवानचेच, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. २०१७ साली अवशेष दर्शनासाठी जॉर्जियात पाठवले गेले आणि परत आले. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांचा एक भाग त्या देशाला कायमचा भेट दिला.

कमान १८४२ साली पडली नसती तर दालनात जाऊन दुसरी खिडकी मोजायला पाच मिनिटे लागली असती. तिची वेळेवर निगा राखली गेली नाही, म्हणून पंधरा वर्षे माती उपसावी लागली.

घंटा आणि घर

मठातली एक वस्तू मात्र वेळीच हलवली गेली. मनोऱ्यातली प्रचंड घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली पणजीला आली. नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचे ते चर्च सर्वांना परिचित आहे. त्याच्या दर्शनी भागी मधोमध, अगदी उंचावर टांगलेली घंटा ती हीच. से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेनंतर गोव्यात आकाराने हिचाच क्रमांक लागतो. मनोरा अर्धा राहिला, पण त्याचा आवाज अजून पणजीवर घुमतो.

आणि आईचे घर? शेवटच्या जोगिणीनंतर तेही रिकामे झाले, पण तोवर पन्नास पावसाळे त्याने सांभाळ घेत काढले होते. पुढे पोर्तुगीज लष्कराने त्याची बराक केली. मठाला ते शोभण्यासारखे नसले, तरी घरात माणसे राहिली. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली तेथे धर्मभगिनींसाठी शिक्षणसंस्था सुरू झाली. २००२ साली राशोलहून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय तेथे आणण्यात आले. स्थानिक हिंदी कारागिरांच्या हातांनी घडलेले हस्तिदंताचे, चांदीचे आणि लाकडाचे काम तेथे पाहावे. त्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण हात ओळखू येतो.

वाचकांपैकी कोणी दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाणार असतील, तर त्यांनी बॉम जेझूस पाहून झाल्यावर हा चढ जरूर चढावा. सकाळी लवकर जावे, ऊन तेव्हा मनोऱ्यावर तिरपे पडते. पडलेल्या चर्चच्या जमिनीत अनेक थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरची कुलचिन्हे आणि कोरलेल्या कवट्या पाहाव्यात, आझुलेझुच्या उरलेल्या तुकड्यांना हात न लावता त्यांचा निळा रंग पाहावा. मग रस्ता ओलांडून मोनिकेच्या मठात जावे आणि त्याच्या ओवरीत उभे राहून डोक्यावरच्या शाबूत छताकडे एकदा नजर टाकावी. ते छत बांधणाऱ्या आर्चबिशपांचे नाव इतिहासात आहे. ते टिकवणाऱ्या म्हाताऱ्या जोगिणींची नावे माझ्या वाचनात कुठे आली नाहीत.

पुरातत्त्व खात्याचे लोक दरवर्षी पावसाळ्यानंतर त्या अर्ध्या मनोऱ्यावरचे गवत आणि रोपे काढतात. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चे आणि मठ जागतिक वारसा म्हणून मान्य झाले, त्यांत हे अवशेषही आहेत. गवंडीकाकांना मी त्याविषयी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “वारसा म्हणजे चांगलेच. पण मनोऱ्याला तो शब्द वाचता येत नाही. त्याला रोप उपटलेले कळते.” आणि शिडीला टेकवलेली चुन्याची बादली उचलून ते कामाला लागले.